आपल्याला सांगावे की नाही, हे आपणच सांगावे

दि. ९ जानेवारी २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक श्री. भगवानराव साहेब,
सोनकणीस बियाणे केंद्र, दुसरबीड, जि. बुलढाणा

विषय : मी नोकरी सोडणार असल्याचे आपणास सांगावे किंवा कसे, याबाबत.
संदर्भ : श्री. पंजाबराव यांचा निरोप समारंभ.

महोदय,

१) सविनय सादर करतो की, मी आपल्या केंद्रात अकरा वर्षांपासून आवक-जावक लिपिक आहे. मेहकरच्या एका गोदामात मला जागा मिळण्याची शक्यता आहे. पत्नी वंदना तिथेच अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. मुलगी प्रेरणा पाच वर्षांची असून, रविवारी मी घरात पाऊल टाकताच "बाबा, तुमची बस कितीची हाय?" असे विचारते. मला हे सहन होत नाही.

२) तथापि सदर जागा अद्याप तोंडी आहे. नियमाने आपणास महिनाभर आधी कळवणे भाग आहे. पण पंजाबरावांचे काय झाले हे आपण जाणताच. ते फक्त "विचार चालू आहे" म्हणाले होते. आपल्याला निरोप समारंभाची भारी हौस. त्याच दिवशी चारच्या आत शाल, नारळ, भाषण आणि ग्रुपवर फोटो! "पंजाबराव, जाऊन राह्यले तं हासत जा ना, तोंड काऊन पाडता?" असे आपण माइकवरून म्हणालात. पुढे त्यांची दुसरीकडे ठरत आलेली जागा हुकली. ते कामावर परत आले, तेव्हा सत्कार घेऊन परतणे हा शालीचा अपमान आहे, असे आपण ठरवले. तेव्हापासून ते फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर दहा ते साडेपाच हजर असतात. जेवणाची सुट्टीही वेळेवर घेतात.

३) प्रस्तुत अर्ज रीतसर प्रथम माझ्याच टेबलावर आला. वाचून अर्जदाराची दया आली, परंतु शिफारस करण्याची हिंमत झाली नाही. दोनदा त्रुटी काढून परत केला. तिसऱ्यांदा अर्जदार हटूनच बसला.

४) सबब, मी सांगावे असा निर्णय झाल्यास लेखी कळवावे. सांगू नये असे ठरल्यास, "हा अर्ज मी वाचलेला नाही" असा शेरा मारून सही करावी. तोपर्यंत आपणास काहीच माहीत नाही, असे समजून मी रोजच्यासारखा नमस्कार करीन.

५) खरे सांगतो साहेब, अकरा वर्षांत आपण मला "चंद्रशेखर, बरा हायेस ना?" एवढेही विचारले नाही. एकदा विचारा. मला खोटे बोलता येत नाही. तिथल्या तिथे सगळे सांगून टाकीन, मग काय व्हायचे ते होवो.

अद्याप आपलाच नम्र,
चंद्रशेखर उकंडराव काकड
आवक-जावक लिपिक

सोबत : राजीनामा (पाकीटबंद. विचारल्याशिवाय उघडू नये.)