साडूपेक्षा सोपं खुराडं

४ फेब्रुवारी, सकाळी ७
शेजारच्या घरात राहणाऱ्या साडूने परसात कोंबड्यांचं खुराडं बांधलं. खालचा पत्र्याचा ट्रे ड्रॉवरसारखा ओढायचा, घाण झाडायची, परत सरकवायचा. दोन मिनिटांत काम. बायको म्हणाली, भावजींचं डोकं काय चालतं! लग्नाला एकोणीस वर्षं झाली, माझ्या डोक्याबद्दल अजून एक शब्द नाही. मला हेवा वगैरे वाटत नाही. फक्त नाश्ता घशाखाली उतरला नाही.

५ फेब्रुवारी
निश्चय : आठवड्यात आपलंही खुराडं. त्याच्यापेक्षा मोठं. सफाई एका मिनिटात. साडूची मदत घ्यायची नाही. जीव गेला तरी.

६ फेब्रुवारी
साडू ऑफिसला गेल्यावर कुंपणावरून वाकून ड्रॉइंग काढलं. त्याचा ट्रे कुंपणाच्या बाजूला, अंडी काढायचं झाकणही कुंपणाच्या बाजूला. याला नक्कल म्हणत नाहीत. रिसर्च म्हणतात.

१२ फेब्रुवारी
आठवडा संपला. एक खांब उभा आहे, तोही तिरका. सुताराने उसनी दिलेली करवतच बोथट. साडूने विचारलं, येऊ का मदतीला? नको म्हटलं. बायको म्हणाली, किती मोकळा स्वभाव! माझा नव्हे.

२ मार्च
झालं! चारही खांब सिमेंटात गाडले. मुद्दाम तारेच्या कुंपणाला अगदी चिकटून. साडूला उठल्याबरोबर दिसलं पाहिजे. करवत न्यायला आलेला सुतार म्हणाला, साहेब, ट्रे तिकडून का? म्हटलं, ड्रॉइंगप्रमाणे आहे. लोकांना प्रगती बघवत नाही.

३ मार्च
पाच कोंबड्या आणल्या. बायको हसली. बहुतेक कौतुकाने.

४ मार्च
ट्रे खालच्या तारेखालून फक्त साडूच्या परसात उघडतो. झाकणही. आपल्या बाजूला नुसती फळ्यांची भिंत. बायकोला सांगितलं, डिझाइनच तसं आहे.

८ मार्च
वास. बायको नाकाला पदर लावून म्हणाली, तिकडे जाऊन ओढा ना. साडूच्या दारात मी? जीव गेला तरी नाही.

९ मार्च, सकाळी ७
बायकोने परस्पर साडूला सांगितलं. त्याने ट्रे ओढला, झाडला, सरकवला. मी घड्याळ लावलं होतं. बरोबर एक मिनिट. पाच अंडी तारांमधून बायकोच्या हातात दिली आणि म्हणाला, माझ्यापेक्षा सोपं बांधलंय हो यांनी. मनापासून म्हणाला, मेला. बायको त्याला म्हणाली, भावजी, रोज सकाळी येत जा. मग लगबगीने चहा करून कुंपणाशी घेऊन गेली.

मी खिडकीतून पाहिलं. दोनच कप होते.