यजमान अज्ञात

३ मार्च
आले बाई एकदाची! संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मिळाली. खिडकीत ऊन, टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि भिंतभर लाकडी खण. त्यांतला एक माझा. आफ्रिकेतून कधीकाळी आणलेल्या, तिळाएवढ्या परजीवी गांधीलमाश्या, टाचणीला चिकटवलेल्या. त्यांची धड वर्गवारी कुणीच केलेली नाही. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, माश्या मारायला पगार देतात होय तुला? म्हटलं, मेलेल्याच आहेत, मी नुसती त्यांच्या डोक्यावरच्या शिंगांची पेरं मोजते.

विभागप्रमुख बाईंनी दुसरा खण घे म्हणून परोपरीने सांगितलं. माझ्या आधीचे गृहस्थ याच खणापायी बिघडले म्हणे. शेवटी दारात खुर्ची टाकून बसायचे, कुणाला आत पाऊल ठेवू देईनात. चौघांनी उचलून न्यावं लागलं. बाईंना अजून माझी ओळख नाही. मला 'नको' म्हटलं की ते करायचंच असतं. आई म्हणते, जन्मालाच पायाळू आले, तेव्हापासून सगळं उलटंच.

७ मार्च
नवी जात! छापलेल्या एकाही वर्णनाशी जुळत नाही. देह काळा, पाय मधाच्या रंगाचे, पंखाची मधली शीर अर्ध्यातच संपलेली. आयुष्यातली माझी पहिली जात. नाव आईचं देणार. तिला माशी म्हणून अमर करते.

वर्णनात दोन जागा मात्र रिकाम्या आहेत. नर: अज्ञात. यजमान: अज्ञात. यजमान म्हणजे ज्या बिचाऱ्या अळीच्या अंगात ही अंडी घालते ती. हिच्या काही भाऊबंदांची तऱ्हा तर अजब आहे. पिल्लं अंग फोडून बाहेर पडतात, तरी अळी मरत नाही. उलट त्यांच्या कोषांवर पहारा देत बसते, आणि कुणी जवळ आलं तर डोकं आपटून त्याला हाकलते. बगळ्याला, म्हणजे शेजारच्या पक्षी विभागातल्या उंच माणसाला, हे सांगितलं. त्याने जेवणाचा डबा बंद केला.

१० मार्च
तोंडाखालचा भाग पाहायचा तर वाळलेली माशी आधी मऊ करावी लागते. ओल्या वाळूच्या डबीत ठेवायची, बुरशी येऊ नये म्हणून औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि डबी सावलीत ठेवायची. मी थेंब विसरले आणि डबी खिडकीतल्या उन्हात ठेवून घरी गेले. शिकाऊ पोरीची चूक! आज झाकण काढलं, तर टाचण्या जागेवर, माश्या एकदम ताज्या आणि एक टाचणी रिकामी.

गळून पडली असेल. वाळू चाळताना डाव्या मनगटाला काहीतरी चावलं.

१४ मार्च
मनगटापासून कोपरापर्यंत तांदळाएवढ्या गाठी. दुखत नाहीत. बगळा म्हणतो, दवाखान्यात चल. म्हटलं, वर्णन पुरं होऊ दे, मग बघू. बाई म्हणाल्या, खण माझ्याकडे दे आणि सुट्टी घे. मुळीच देणार नाही. माझा खण आहे. माझं काम आहे. आल्या मोठ्या!

१७ मार्च
गाठी फुटल्या. रक्त नाही. हातावर पांढरे कोष, कापसाच्या वातीसारखे, ओळीने चिकटलेले. घाण वाटायला हवी होती. वाटली नाही. त्यांच्यावर बाही ओढली, वारा लागू नये म्हणून.

बगळा आला, हात धरायला गेला. मी त्याच्या छातीवर डोकं आपटलं. दोनदा. ढकलायला हात होते की मला. तो जिना उतरून पळाला.

१८ मार्च
आज बघते तर खुर्ची दारात आहे. मीच ठेवली असणार.

सगळं कळतंय. अगदी स्पष्ट कळतंय. पण एक गोष्ट ठणकावून सांगते: हट्ट माझा आहे. या तिळाएवढ्या टिकल्यांचा नाही. त्या येण्याआधी तीस वर्षं मी हट्टीच होते. आईला विचारा.

मग मला खुर्चीतून उठवत का नाही?

१९ मार्च
बाहेर कुणीतरी दार ठोठावतंय. आईचा आवाज वाटला. तिलासुद्धा हाकललं. आईला —

रडू येतंय. आणि राग. राग जास्त.

वर्णन पुरं केलं. यजमान: या ओळी लिहिणारी. घ्या!

१९ मार्च, दुपार
कोपऱ्यात शीतपेटी आहे. नव्या संग्रहातली कीड मारायला सगळं आधी तिच्यात घालतात. हात कोपरापर्यंत आत घातला तर कोष मरतील. हातही जाईल कदाचित. जाऊ दे.

पाय उचलत नाहीत. आतून कुणीतरी म्हणतंय, नको.

नको म्हणतंय. मला!

एवढं एकच त्यांनी चुकीचं —

उठले.

झाकण उघडलं. गार वाफ. डावा हात आत. आई गं. उजव्याने लिहितेय. कोष कडक होतायत, एकेक —

उजव्या मनगटावर काहीतरी चालतंय. काळं. शिंगं लांब. नर! पहिला नर! बाई, वर्णनातली ती रिकामी जागा भरा. शिंगांची पेरं —

नाही. मोजत नाही. हाही हात आत घालते. पेन ठेव