वाघोबावरून गेलेली बोट

मी, इंद्रजीत रामा सोनावळे, वय बहात्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार धसई, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर मी तो मानला नसता, हे शहापूर-मुरबाडात ज्यांनी माझी भाषणे ऐकली आहेत त्यांना सांगायला नको. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. धसईचे राहते घर भावाची मुलगी मेघा हिला. घराच्या दारावर लिंबू-मिरची टांगायची नाही. हे कलम तिच्या नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम २. अकराशे चाळीस पुस्तके डोळखांब भागातल्या ज्या पाड्यावर मी बावीस वर्षे शिकवले, तिथल्या शाळेला. मुरबाडच्या व्याख्यानमालेला एकही देऊ नये. २००३ साली त्यांनी माझा माईक बंद केला होता. मी पुढे पाऊण तास बोललो आणि शेवटच्या रांगेला ऐकू गेले.

कलम ३. एक निळी वही आहे. १९९१ च्या हिवाळ्यात आमच्या खोऱ्यातल्या धरणावर एका हिंदी हेरपटाचे चित्रीकरण झाले. नाव लिहीत नाही. त्याच्या प्रसिद्धीला माझ्या मृत्युपत्राची मदत नको. हिंदी-इंग्रजी येणारा माणूस म्हणून मी बारा दिवस दुभाष्या होतो. पडद्यामागे पाहिले ते वहीत आहे. शत्रुदेशाचा समुद्र म्हणजे आमचे धरण. रात्रीचा पाठलाग भर दुपारी, कॅमेऱ्यावर निळी काच लावून. धुके म्हणजे ओल्या पेंढ्याचा धूर. गस्तीची बोट म्हणजे साध्या होडीला ठोकलेले प्लायवुड आणि करडा रंग. तिच्यावरची परकी अक्षरे मी रंगवली, आणि त्यांना काहीही अर्थ नाही. नायक चाक फिरवताना दिसतो. ते चाक एका फळीला खिळ्याने बसवले होते, कशालाही जोडलेले नव्हते.

बोट आपण स्वतः चालवली, असे हा नायक तीस वर्षे मुलाखतींतून सांगत आला.

कलम ४. बोट लडकू मेंगाळने चालवली. वय चोवीस, ठाकर समाजाचा, आमच्याच पाड्यावरचा. धरणात पाणी अडले तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याचे जुने गाव त्याच पाण्याखाली आहे. बोटीच्या मागच्या भागात तो आडवा पडे. कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून अंगावर ताडपत्री, आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून काठाला दोरीने बांधलेली. फटीतून पुढचे पाणी बघत तो इंजिनाचा दांडा धरी.

अकराव्या दिवशी दिग्दर्शकाला बोट काठाजवळून हवी होती. मी लडकूला तसे सांगितले.

“तिथून नाय गुरुजी,” तो म्हणाला. “तिथं वाघोबा हाय. त्याच्यावरून बोट नाय न्यायची.”

माझ्या वडिलांनी १९५६ साली घरातले देव नदीला दिले. मी त्या घरात वाढलो. वाघोबाचे नाव कानावर पडले आणि माझ्यातला वक्ता उभा राहिला. काठावर चित्रपट कंपनीची दोनशे माणसे होती, गावाला तिथे मज्जाव होता; त्या सर्वांसमोर मी म्हणालो, “बारा वर्षं ज्या दगडाला स्वतःला पाण्याबाहेर काढता आलं नाही, तो तुझं काय करणार रे लडकू? तुझी जमीन बुडाली तेव्हा कुठं होता तो?”

लोक हसले. कोणीतरी टाळी वाजवली. लडकू खाली बघून म्हणाला, “तुमी बोलताय म्हंजे बराबर आसंल,” आणि ताडपत्रीखाली शिरला.

वाघोबा म्हणजे बुडालेल्या गावाच्या वेशीवरचा पुरुषभर उंच दगडी खांब. त्या आठवड्यात शहरासाठी पाणी सोडले होते, पातळी सहा फूट उतरली होती. खांबाचे टोक पाण्याखाली जेमतेम वीतभर होते. माझा विवेकवाद आजही तसूभर ढळलेला नाही. मी देवाचा अपराधी नाही. समोरच्या माणसाला “का नको?” एवढे दोन शब्द मी विचारले नाहीत, त्याचा अपराधी आहे.

बोट खांबावर फुटली. नायकाच्या कोटाखाली तरंगणारे जाकीट होते. लडकूच्या अंगावर बांधलेली ताडपत्री होती. त्या दोऱ्यांच्या गाठी मी मारल्या नव्हत्या, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे.

चित्रपटात तोच शॉट वापरला, आदळण्याच्या अलीकडे कापून. कापण्याआधी क्षणभर ताडपत्रीखालून एक हात वर येतो. पंजा उघडा. चित्रपटांतल्या चुका शोधणारी मंडळी इंटरनेटवर त्याला ‘भुताचा हात’ म्हणतात. मेघाने फोनवर दाखवले. खाली हसण्याच्या खुणा होत्या. मी भूत मानत नाही. पण एखाद्या दुपारी तो चित्रपट कुठल्यातरी वाहिनीवर लागतो, शेजारच्या घरातून इंजिनाचा आवाज येतो, आणि हातातले काम ठेवून मी त्या हाताची वाट पाहत बसतो. तो थांबा म्हणत होता. मी काठावर होतो. मी तो हात पाहिला. मला वाटले, घाबरला. मी ओरडलो, “चल पुढे.”

कलम ५. पंचनाम्यात आले की लडकू मेंगाळ दारूच्या नशेत, न विचारता बोट घेऊन गेला आणि बुडून मेला. हे कंपनीच्या माणसाने सांगितले. पंच म्हणून पहिली सही माझी आहे. खरे लिहिले असते तर त्याला तिथून कोणी जायला लावले हे निघाले असते.

लडकू दारू पीत नव्हता. त्याची बायको भागी तेव्हा बावीस वर्षांची, मुलगी रुपाली वर्षाची. रुपाली बेवड्याची पोर म्हणून वाढली, माझ्याच वर्गात. एका मुलाने तिला तसे म्हटले तेव्हा मी त्याला छडी मारली आणि वर्गाला सत्यावर व्याख्यान दिले. ती पहिल्या रांगेत बसून ऐकत होती.

सबब, तो पंचनामा खोटा आहे असे मी या लेखाने जाहीर करतो. निळी वही रुपालीला. चित्रीकरणातली दुसरी बोट, जी फुटली नाही आणि जिच्यात माझ्या अंगणात कोंबड्या बसतात, ती भागीला.

कलम ६. शोकसभेत भाषणे नकोत. कलम चार आणि पाच भागीसमोर वाचावीत, मग सर्वांनी घरी जावे.

पुरवणी. वरील मजकूर साक्षीसाठी शालन भालेराव यांना दिला. त्या माझ्याच शाळेत शिक्षिका होत्या. वाचून त्यांनी चष्मा काढला.

“मेल्यावर वाचायचं? म्हणजे ती काय म्हणते ते ऐकायला तुम्ही नाही. सोय बरी केलीत, सोनावळे.” सही करून कागद माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “दुसरी साक्ष तिचीच घ्या.”

म्हणून काल एसटीने पाड्यावर गेलो. भागी दारात नाचणी पाखडत होती. मी कागदावरून वाचले, मान वर न करता. असे मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. सूप चालूच होते. पंचनाम्याचे कलम आले तेव्हा ते थांबले.

“तो प्यालेला नव्हता, ह्ये मला तुमी सांगताय?” ती म्हणाली. “सकाळी माझ्या हातची भाकर खाऊन गेला तो. मला म्हायती व्हतं. गावाला नाय.”

बोट तिच्या नावे केली आहे, असे मी म्हणालो.

“फोडा नि चुलीत घाला.”

मी शाईची डबी पुढे केली. तिने दोन्ही हात पदरात घेतले.

“बाजाराच्या दिशी धसईत तुमी उभं राहता ना बोलाय? तसंच उभं राहा. मी रुपालीला घेऊन येते. आदी बोला, मंग अंगठा.”

“आता माझा आवाज पोचत नाही गो,” मी म्हणालो.

“मंग आमी फुडं बसू,” ती म्हणाली, आणि सूप उचलले.

दोन साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र कायद्याने पुरे होत नाही. त्यामुळे हा कागद आज अपुरा आहे, आणि तो तसाच राहिला तर दोष माझा आहे. बाजार परवा आहे.

स्थळ: धसई, ता. मुरबाड
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: इंद्रजीत रामा सोनावळे (सही)

साक्षीदार १: शालन भालेराव (सही)

साक्षीदार २: भागी लडकू मेंगाळ (जागा मोकळी)