खूणशब्द

सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

पोहोचले! मोताळ्याहून बस बदलत जळगाव जामोद, तिथून ऑटोनं सहा किलोमीटर. मागे सातपुडा, पुढे फुलावर आलेली तूर आणि मधे माझी शाळा. तिसरीचा वर्ग, एकोणीस मुलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. निघताना बाबांनी पिशवी स्वतः बसमध्ये चढवली आणि पोरगी मास्तरीण झाली, हे अख्ख्या बसला ऐकवलं. मी लाजले, पण मनातून फार बरं वाटलं.

खोली किसनरावांच्या घरात मिळाली. एसटीतले निवृत्त कंडक्टर, एकटेच असतात. तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा अजून हातातच. घराच्या सगळ्या किल्ल्या त्यालाच अडकवलेल्या. बोलताना तो टक-टक वाजवत राहतात. आवाज ऐकला की पोरं रांग लावतात आणि हे पिंपळाच्या पानाला भोक पाडून एकेकाला 'तिकीट' देतात. मी खोलीला कुलूप लावलं तर हसले. म्हणाले, "काऊन भेता मॅडम? आमच्या गावात चोरी नाई होत."

मंगळवार, ३ डिसेंबर

संग्रामपूरकडच्या एका गावातला मुलगा शाळेतून घरी जाताना नाहीसा झाला होता. काल त्याचं प्रेत कालव्यात सापडलं. 'तुझ्या आईनं बोलावलं' म्हणून कुणीतरी नेला, असं बोलतात.

आमच्या मुलांच्या आया दिवसभर कापूस वेचायला जातात. पोरं घरी एकटी. म्हणून मी एक उपाय काढला. प्रत्येक मुलानं आईशी एक खूणशब्द ठरवायचा. कुणी न्यायला आलं तर तो विचारायचा. सांगता आला नाही तर जायचं नाही. शब्द कुणाला सांगायचा नाही, कुठे लिहायचा नाही. फक्त माझ्या कानात.

मी विसरू नये म्हणून इथे टिपून ठेवते. रेवती: चंपी (तिची शेळी). संघर्ष: वांग्याचं भरीत. हिमानी: पिवळी छत्री. बाकीचे मागच्या पानावर. मुलं माझाही विचारत होती. मी सांगितला नाही. निळी पाटी. बाबांनी आणलेली पहिली.

शनिवार, ७ डिसेंबर

आज परीक्षा घेतली. किसनरावांना रेवतीकडे पाठवलं. आईनं बोलावलं, चाल, म्हणाले. रेवती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, शब्द सांगा आंधी!" त्यांना कुठून येणार? वर्गानं टाळ्या पिटल्या. किसनरावही खूप हसले. म्हणाले, "एवढीशी पोरगी, पन मलेच बशीतून उतरवलं बे!"

संध्याकाळपर्यंत तेच सांगत होते. दरवेळी थोडं कमी हसत.

गुरुवार, १२ डिसेंबर

रेवती घरी पोहोचली नाही.

हिमानी शाळेच्या भिंतीअलीकडे पाणी पीत होती. पलीकडे कुणीतरी रेवतीला बोलवत होतं. तिनं शब्द विचारला. त्या माणसानं हळूच 'चंपी' म्हटलं. रेवती गेली. शब्द बरोबर होता, म्हणून हिमानीनं वाकूनही पाहिलं नाही. तेच सांगून सांगून रडते आहे.

किसनराव देवळाच्या भोंग्यावरून रेवतीचं नाव पुकारत आहेत.

शनिवार, १४ डिसेंबर

सापडली. तुरीच्या शेतातल्या पडक्या विहिरीत. गळ्यावर बोटांचे वळ

पोलिसांनी विचारलं, शब्द कुणाला माहीत होता. मी खरं तेच सांगितलं: रेवतीला, तिच्या आईला आणि मला. मी त्या वेळी मुख्याध्यापकांसमोर होते. पोलीस रेवतीच्या आईला, शकुंतलाबाईंना घेऊन गेले. जीपमध्ये चढताना त्या माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मॅडम, मी माझ्या लेकरालेच मारीन काय हो?"

सोमवार, १६ डिसेंबर. सकाळ

मुलांचे शब्द बदलायचे म्हणून ३ तारखेचं पान उघडलं.

'चंपी'शेजारी एक भोक आहे. गोल. लहान. तिकिटाला असतं तसं.

शब्द कुठे लिहायचा नाही, हे मीच शिकवलं. आणि लिहिला मीच.

माझ्या खोलीची दुसरी किल्ली चिमट्याला

सव्वादहा

'पिवळी छत्री'शेजारीही भोक आहे. कागदाची टिकली अजून पानातच होती. ताजी.

धावत हिमानीच्या घरी जाऊन आले. तिची आई तिला शेतात सोबत नेते आहे. नवा शब्द तिच्या कानात सांगितला. इथे लिहिणार नाही. किसनराव, वाचताय ना? इथे लिहिणार नाही.

अकरा

ठाण्यात फोन केला. गाडी निघते म्हणाले, अर्धा तास. वही जपा म्हणाले. या दोन भोकांशिवाय शकुंतलाबाईंना सोडवणारं काहीही नाही. तिसरं

तिसरं भोक आहे. त्याच पानावर, खाली. माझ्या शब्दाशेजारी.

ओसरीत टक-टक चालू होतं. मी फोनवर बोलले तेव्हा थांबलं

सव्वाअकरा

कडी लावली आहे. वही पदराखाली

दार वाजतंय. माझ्या बाबांचा निरोप आलाय म्हणतात, मोताळ्याला बोलावलं, बस उभी आहे, चाला. आवाज अगदी मायेचा. गाडी अजून नाही—

मी शब्द विचारला. का विचारला, माहीत नाही. बाहेर चिमटा एकदाच वाजला.

किसनराव म्हणाले, नि—