लेबल खरवडलेली बाटली

गडहिंग्लज, ४ डिसेंबर २०२४

चि. रुद्रेशला आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र मुद्दाम कारखान्यावर पाठवते. तुझा फोन हल्ली सौंदर्याच उचलते आणि तू झोपलायस म्हणून सांगते.

माझ्या सम्राटच्या साखरपुड्यात तू त्यालाच, सख्ख्या भाच्याला, पावणं कुठलं गाव म्हणून विचारलंस. मंडळी हसली, मला हसू आलं नाही. चालताना तुझा झोक जात होता, पण दारूचा वास नव्हता. जवळ बसून खात्री केली. जेवणानंतर सौंदर्यानं तुला कोपऱ्यात नेऊन गोळी दिली. तिच्या पर्समधली बाटली मी पाहिली. लेबल नखानं खरवडलेलं. चांगल्या औषधाचं नाव कुणी खरवडतं का?

तुझं डोकं कामातून जावं आणि घर तिच्या नावावर व्हावं, असा तिचा डाव दिसतो. संशय खोटा ठरला तर तिचे पाय धरीन. तोवर गोळी गालात धर आणि मागनं थुंकून टाक. आईमागं तुला मी वाढवलंय, एवढं ऐक.

तुझीच,
आक्का

इचलकरंजी, २० डिसेंबर

ती. आक्कास सा. न.

तू सांगितलंस तसंच करतो. सौंदर्याला पत्ता नाही. चहातही ती काहीतरी घालते असं वाटतं, म्हणून तो मोरीत ओततो. माग बंद असला तरी कानात खडखड चालूच असते. उजवा हात ऐकत नाही, म्हणून अक्षर असं.

साखरपुडा कुणाचा होता, ते कळव.

तुझा,
रुद्रेश

कोल्हापूर, ११ जानेवारी २०२५

ती. आक्कांना सौंदर्याचा सा. न.

यांना घरी फिट आली, म्हणून इथं दवाखान्यात ठेवलंय. उशीच्या अभ्र्यात थुंकलेल्या गोळ्या आणि तुमचं पत्र सापडलं. विचारलं तर आक्कानं गालात धरायला सांगितलंय, एवढंच म्हणाले.

आक्का, यांना एड्स आहे. कळलं उशिरा, तोवर आजार मेंदूपर्यंत गेला होता. झोक जाणं, विसरणं, माणसांवर संशय घेणं, सगळं त्यातलंच. गोळ्यांनी उतार पडत होता. लेबलं यांनीच खरवडायला लावली. ‘आक्काला कळलं तर ती माझं ताट वेगळं मांडेल,’ ही एकच धास्ती होती यांना. त्याच गोळ्या मीही रोज घेते.

तुमचा राग आलाय, तो लपवत नाही. पण गोळ्या नीट पोटात गेल्या तर अजून सुधारतील, असं डॉक्टर म्हणतात. माझ्या हातचं पाणीही हे घेत नाहीत, तोंड घट्ट मिटून घेतात. पोरांची नावं विसरलेत, तुमचं सांगणं तेवढं लक्षात आहे. तेव्हा पाय धरायचे राहू द्या. मिळेल त्या एसटीनं या, गोळी तुमच्या हातानं द्या, आणि गिळली का ते तोंड उघडून बघा.

यांच्यावर तुमची माया आहेच, थोडी माझ्यावरही असू द्या.

आपली,
सौंदर्या