फ्लॉपीवरचं पुस्तक गावोगाव धाडणाऱ्या अक्काला

प्रिय अक्का,

आज दुपारी कुंडलहून एक बाई वाचनालयात आल्या. रुमालात गुंडाळलेली कोरी फ्लॉपी पुढं करून म्हणाल्या, "अक्का कुठं हायत? गुरुजींचं पुस्तक यात घालून पायजे हुतं."

तू गेल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं! मी सांगितलं, तशा त्या बाकावर बसूनच राहिल्या. मी पुस्तक उतरवून दिलं. त्या गेल्या आणि मला तुझ्याशी बोलल्यावाचून राहवेना.

आपल्या वस्तीतल्या गुरुजींनी धर्मांतराच्या वेळच्या आठवणी लिहून पदरमोड करून छापल्या होत्या. वाचनालयातल्या तुझ्या कपाटात त्याची एकच प्रत उरलेली. पान उलटलं की तुकडा हातात! म्हणून तू ते घरी कुणालाच द्यायची नाहीस, समोर बसवून वाचायला लावायचीस.

पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदारमामा आठवतात? चष्मा झाला, भिंग झालं, तरी दिसेना. "ऱ्हाऊ द्या अक्का," ते पुस्तक मिटून म्हणाले, "अक्षरं मुंग्यांगत पळत्यात."

आणि दुसऱ्या आठवड्यात तू कराडला कॉम्प्युटरच्या क्लासला! आजूबाजूला कॉलेजची पोरं आणि मध्ये तू, नऊवारी नेसलेली. सरांनी विचारलं, "नोकरीसाठी शिकताय का?" तू म्हणालीस, "न्हाई. एका पुस्तकाची अक्षरं मोठी करायच्यात."

किती हसले होते म्हणे सगळे! पण तू मागं हटली नाहीस. आधी गुरुजींच्या बायकोची परवानगी घेऊन आलीस, मग एकेक अक्षर शोधत अख्खं पुस्तक टाइप केलंस. सरांनी क्लासमधला जुना कॉम्प्युटर वाचनालयाला दिला, तेव्हा अध्यक्ष कुरकुरले, "हितं पुस्तकं ठेवायची का डबडी?" तू सुभेदारमामांना बोलावून खुर्चीत बसवलंस.

पडद्यावर लिंबाएवढी अक्षरं आली. मामा मोठ्यानं वाचू लागले. निम्म्या पानावर थांबले. "अक्का, ह्या सभंत माझा बा सतरंज्या टाकत हुता. मला कुनी सांगितलंच न्हवतं!" अध्यक्ष दारातच उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

त्यानंतर तू फ्लॉप्या वाटत सुटलीस. कुंडलच्या शाळेत, मिरजेच्या डॉक्टरांकडं, ज्याच्याकडं कॉम्प्युटर त्याच्याकडं. कुंडलच्या मास्तरांचा फोन आला, "आवं अक्का, नुसत्या रेघोट्या दिसत्यात!" तेव्हा कुठं कळलं, मराठी अक्षरांचा फॉन्टही सोबत द्यावा लागतो. लगेच एसटीनं निघालीस, स्वतः जाऊन घालून आलीस.

मी चिडले होते. एवढे कष्ट करून असं वाटत का सुटलीस? तू म्हणालीस, "अगं शोभे, गुरुजींनी कपाटासाठी लिवलंय व्हय?"

पुढं कपाटाला वाळवी लागली. गुरुजींची प्रत उचलली तर हातात नुसती माती आली. घाईनं कॉम्प्युटर लावला, तर तोही जळालेला. आपल्याजवळची फ्लॉपी सरांच्या क्लासमध्येही उघडेना. तू भिंतीला टेकून रडलीस, अक्का. तुला रडताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

आणि तिसऱ्या प्रहरी कुंडलचे मास्तर दारात! कुणाकडून तरी कळलं म्हणून मिळेल ती गाडी धरून आले होते. खिशातून फ्लॉपी काढली. "रडताय कशापायी? तुमचंच हाय. घ्या परत." क्लासमध्ये ती लावली आणि पहिलं पान उघडलं, तेव्हा तू मास्तरांच्या पाठीत असा धपाटा घातलास की बिचारे खोकायला लागले!

एकच राग आहे तुझ्यावर. सगळ्यांच्या डोळ्यांची काळजी केलीस, मग स्वतःचं पोटातलं दुखणं का लपवलंस? मिरजेला नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिथंही सलाइन लावणाऱ्या नर्सला विचारलंस, "तुमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर हाय का गं?" काय म्हणावं तुला!

तुझ्या माघारी मिरजेहून एक तंबोरा करणारे आले होते. त्यांच्या वडिलांनी भोपळा कसा निवडायचा, तार कशी जुळवायची, यावर छोटं पुस्तक लिहिलंय. दोनच प्रती राहिल्यात. जळालेल्याच्या जागी सरांनी दिलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते मी टाइप करायला घेतलंय. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही, बोटंही अडखळतात. पण पुरं करीन आणि मागेल त्याला देईन, हा शब्द आहे माझा.

फक्त चुका दाखवायला तू नाहीस गं.

तुझी धाकटी,
शोभा
मलकापूर