शहाणीचं पान

प्रिय चिमे,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, म्हणून रागावली असशील. रागाव. रागावलीस की तुझं नाक अजून लाल होतं का, याचाच विचार करत मी इथे दुपारभर बसले होते. खिडकीतून ऊन टेबलावर आलंय, खोलीत खळीचा वास आहे आणि समोर एक जाडजूड शब्दकोश सुटा होऊन पडलाय. कुठल्याशा शाळेतून बांधायला आलाय, पाठ तुटलेली, शिवण उसवलेली. पानं उडू नयेत म्हणून पंखा बंद ठेवलाय. सोळा-सोळा पानांचे गठ्ठे क्रमानं लावता लावता मी वाचतच बसले. बाबा असते तर ओरडले असते, की बांधणाऱ्यानं पुस्तक वाचायचं नसतं, काम अडतं. माझं अडलंच.

चतुर, चलाख, तल्लख, बुद्धिमान. एकेका शब्दापाशी थांबले की एकेक माणूस त्यातून उठून यायचं. मामाला कधी कोणी हुशार म्हटलं नाही, चलाख म्हणायचे, आणि तो आला की आई खाऊचा डबा वरच्या फळीवर ठेवायची. तुझ्या गणिताच्या बाई बुद्धिमान होत्या, पण स्वतःची छत्री कुठे ठेवली ते त्यांना कधी आठवलं नाही. असं करत करत अगदी शेवटच्या गठ्ठ्यांत आपण दोघी सापडलो. 'श'मध्ये शहाणी, ती मी. 'ह'मध्ये हुशार, ती तू. मधल्या 'स'मध्ये समजूतदार होती, तीही मीच.

शहरातल्या शाळेची परीक्षा आपण दोघींनी दिली होती, आठवतं? दोघीही पास झालो. बाबा म्हणाले, एकीलाच पाठवता येईल, धाकटी हुशार आहे, तिला पाठवू. मोठी काय, शहाणी आहे, समजून घेईल. किती गोड वाटला होता गं मला तो शब्द! न रडता औषध प्यायलं की आई तोच म्हणायची. मी तुझ्या वह्यांना कव्हरं घातली, स्टेशनवर गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. हुशार माणसाला विचारतात आणि शहाण्या माणसाला नुसतं सांगतात, हे कळायला मला फार वर्षं लागली. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला सुई ओवायला शिकवलं.

तुझा राग नाही, खरंच नाही. पुस्तक शिवताना दोरा ओढला की सगळी पानं एकमेकांना धरतात, त्या क्षणाची मला अजून भूल पडते. पण तू लिहिलंस, की आईला तुझ्याकडे न्यायचं यंदाही जमणार नाही, 'ताई, तू समजूतदार आहेस', आणि मी ते पत्र दाबयंत्राखाली सरकवून ठेवलं. तिथे आधीच एक पत्र होतं. एका मोठ्या ग्रंथालयानं मला सहा महिन्यांसाठी बोलावलंय, जुनी पुस्तकं दुरुस्त करायला आणि तिथल्या मुलींना शिकवायला. त्यात मला 'तज्ज्ञ' म्हटलंय. मी कोशात पाहून घेतलं, तो शब्द हाच ना म्हणून. नकाराचं उत्तरही लिहून ठेवलं होतं, पाकिटाला तिकीट लावायचं तेवढं बाकी होतं.

परवा आईला औषध देत होते. तिचे शब्द आता हरवत चाललेत, चमच्याला ती किल्ली म्हणते, मला कधी आत्या म्हणते. मी चमचा पुढे केला आणि सवयीनं म्हटलं, शहाणी ना गं माझी आई? तिनं तोंड घट्ट मिटलं. मग माझ्याकडे नीट बघून स्पष्ट म्हणाली, "मला नाही व्हायचं शहाणी." मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच फुटलं. तिनं तळव्यानं माझे गाल पुसले, माझ्या हातातला चमचा घेतला आणि औषध आपलं आपण पिऊन टाकलं. संध्याकाळी मी ते नकाराचं पत्र फाडलं.

तेव्हा चिमे, या वेळी मी विचारत नाही, सांगते. रविवारी आईला घेऊन येतेय. सहा महिने ती तुझ्याकडे राहील. सकाळी ती कोणालाच ओळखत नाही, मनाला लावून घेऊ नकोस. चारच्या सुमाराला तिला जरा हुशारी वाटते, तेव्हा सगळी कामं टाकून तिच्याजवळ बस. औषध घेतलं की तिला राणी म्हण, वाघीण म्हण, वाटेल ते म्हण. फक्त शहाणी म्हणू नकोस.

तुझीच,
अतिशहाणी ताई